विषम भाग आमच्याकडे

आमची मुलगी आणि तिची बालवाडीपासूनची मैत्रीण दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण होतं एक जपानी मुलगी. ती खरी नाही, मांगा म्हणतात तशा चित्रकथेत राहते, आणि बारा भाग झाले तरी दोन मुलांपैकी आपलं प्रेम कोणावर हे तिला ठरवता येत नाही. आमच्याकडे मात्र ते ठरलेलं होतं, दोन वेगवेगळ्या प्रकारे.

दोघी विशीतल्या. त्या वयात मीही साहित्यावरून भांडलो आहे. आमच्या भांडणांत शब्द मोठे असायचे आणि पुस्तक बहुतेकांनी वाचलेलं नसायचं. या दोघींनी निदान सगळं वाचलं होतं.

मैत्रीण पूर्वी बदलापुरात आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी अंबरनाथला घर घेतलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा या दोघी जिन्यात बसून पुस्तकांची वाटणी करत होत्या. विषम आकड्यांचे भाग आमच्याकडे, सम तिच्याकडे. म्हणजे गोष्ट कोणालाच एकटीने वाचता येणार नाही, दुसरीकडे जावंच लागेल. मोबाइलवर फुकट वाचणं त्यांच्या पंथात पाप. नवा भाग आला की उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून एकच प्रत आणायची, एकत्र वाचायची आणि आकडा बघून त्या त्या घरी ठेवायची. राज्यांच्या सीमाही इतक्या विचाराने आखलेल्या नाहीत.

बाराव्या भागानंतर आमच्या हॉलमध्ये सभा भरली. या दोघी आणि कॉलेजातली आणखी तिघं. विषय एकच, नायिकेने कोणाला हो म्हणावं. एक उमेदवार शेजारी राहणारा, तिला लहानपणापासून ओळखणारा, बडबड्या. दुसरा शाळेत नव्याने आलेला, चष्मा लावणारा, मोजकं बोलणारा. त्यांची जपानी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी त्यांना शेजारी आणि चष्मा म्हणतो. मुलगी शेजाऱ्याच्या बाजूची, मैत्रीण चष्म्याच्या.

"सातव्या भागात ती आजारी असताना पेज घेऊन कोण आलं?" मुलीने विचारलं.

"आईने पाठवलं म्हणून आला," मैत्रीण म्हणाली. "डबा पोचवणं म्हणजे लव्ह नाही."

"आणि तुझा चष्मा? बारा भागांत चार वाक्यं बोललाय."

"चारही कामाची आहेत. तुझा नुसता बोलतोय. सुनता कौन है?"

माझी बायको पोहे घेऊन आली. ती चामटोलीची, तिच्या माहेरी लग्न जमवणं हा गप्पांचा विषय नसतो, काम असतं. तिने उभ्याउभ्या दोन्ही मुलांची चौकशी केली. "शेजारचा नको," ती म्हणाली. "माहेर आणि सासर एका भिंतीला. भांडून जायचं कुठे?"

"आणि दुसरा, काकू?" मैत्रिणीने आशेने विचारलं.

"बोलतच नाही म्हणता ना? मग त्याला आधी डॉक्टरकडे न्या."

दोन्ही पक्ष नाराज झाले आणि चर्चा पुढे चालली. मी बरेच परिसंवाद ऐकले आहेत. अध्यक्ष समारोपाला उभे राहतात तेव्हा निम्मी माणसं चहाकडे गेलेली असतात. इथे अध्यक्ष नव्हते, त्यामुळे कोणी उठलं नाही. मग चढलेल्या आवाजात मैत्रीण म्हणून गेली, "शेजारी राहणं ही काय क्वालिफिकेशन आहे का?"

मुलगी उठली. पोह्यांच्या बशा गोळा करायला लागली. हे ती कधीच करत नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मला काही फरक पडत नाही, असं ती सांगायची. रविवारी मात्र सकाळी आवरून बसायची आणि कुठेच जायची नाही. मैत्रिणीच्या जुन्या फ्लॅटचं दार वाजलं की अजून मान वर व्हायची.

मी ठरवलं, आपण वाचून निकाल द्यावा. घरात विषम भागच होते, एक ते अकरा, एकूण सहा. पहिल्याच पानावर इंग्रजीत 'थांबा' अशी काहीतरी सूचना होती, पण सूचना वाचायची मला सवय नाही. गोष्ट विलक्षण निघाली. नायिका आधी रडायची आणि मग तिला वाईट बातमी कळायची. सुरुवातीला निरोप, शेवटी ओळख. काळाच्या उलट्या प्रवाहाबद्दल दोन-तीन वजनदार वाक्यं मी मनात जुळवूनही ठेवली.

तेरावा भाग आल्याचं मुलगी आईला सांगताना ऐकलं. ती स्वतः आणायला जाईना, म्हणून मी स्कूटर काढली. दुकानदार सत्तरीचे सिंधी गृहस्थ. वह्या आणि खेळण्यांच्या वर एक फळी या पुस्तकांची.

"साईं, एकच कॉपी आहे," ते म्हणाले. "दोन्ही बच्ची मिळून एकच घेतात, म्हणून मी एकच मागवतो. आता एक सोमवारी येते, दुसरी मंगळवारी. देखती है, रख देती है."

पुस्तक चाळता चाळता मी त्यांना काळाच्या उलट्या प्रवाहातलं पहिलं वाक्य ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि दुसऱ्या बाजूने उघडलं.

"इधर से शुरू होता है. उजवीकडून. मला कोणी शिकवलं नाही हां, शाळेत सिंधी शिकलो, वो भी इधर से ही चलती है. कितने पढ़े आपने?"

"सहा."

"फिर से पढ़ो," ते म्हणाले आणि हसू आवरत पिशवी शोधायला वळले.

पुन्हा वाचले. आता बातमी आधी आणि रडणं नंतर होतं. तत्त्वज्ञान गेलं, पण शेजारी फार आवडला. पेज तो, सायकल तो, अकराव्यात स्टेशनवर धावत येणारा तोच. चष्मा सहाही भागांत खिडकीबाहेर बघतो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो जे काही करत असेल ते सम भागांत. दोन महिने आमची मुलगी हेच सहा भाग पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि अंबरनाथला दुसरी तिचे सहा. नियम एकमेकींकडे जाण्यासाठी केलेला होता. जाणं थांबलं, नियम चालू राहिला.

मी अंबरनाथला गेलो. मैत्रिणीनेच दार उघडलं.

"काका, तिने पाठवलं?"

"नाही. मला सम भाग हवेत."

"तुम्ही वाचताय?"

"दुसऱ्यांदा," मी म्हणालो. पहिल्या खेपेचा तपशील दिला नाही.

माझ्या पिशवीतला तेरावा भाग तिला दिसला, पण तिने हात पुढे केला नाही. "तुमच्याकडचा शेजारी भारी असेल ना," ती म्हणाली. "माझ्याकडे दहाव्यात तो तिची वही हरवतो आणि सांगत पण नाही."

तिने सहा पुस्तकं दिली. "परत पाहिजेत हां."

"तू येऊन ने."

घरी येऊन सगळी पुस्तकं मी मुलीच्या टेबलावर ठेवली, तेरावा सर्वांत वर. तिने तो उचलून बाजूला ठेवला, उघडला नाही, आणि दुसरा भाग हातात घेतला.

रविवारी मैत्रीण दारात उभी. "पुस्तकं न्यायला आलेय."

"दहावा संपला नाहीये अजून," मुलगी म्हणाली.

"मग बसते."

बसल्या बसल्या तिने सातवा उचलला. अर्ध्या तासाने आतून आवाज चढले.

"यार, पेज त्याने स्वतः केलीये. आईने नाही पाठवलं. आई घरीच नव्हती."

"असू दे. चौथ्यात चष्मा रोज लांबून कशाला जातो, बघितलंस? तिच्या घरावरून जाता यावं म्हणून. तिला पत्ता पण नाही."

"अहो, पुन्हा भांडतायत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"हो, पण पक्ष बदलून."

तेरावा त्यांनी संध्याकाळी वाचला, एकाच खुर्चीत दाटीने बसून. नायिकेचं अजून काही ठरलेलं नाही. मैत्रीण निघाली तेव्हा मुलीने सम भागांची पिशवी तिच्या हातात दिली. पिशवीत पाचच होते, दहावा मुलीच्या उशीखाली होता. मैत्रिणीने मोजले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाट बघितलं तर आमचा सातवाही जागेवर नव्हता.