ऑरेस्ट हलिकनं बाकावर बसवलेला माणूस

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावरच्या हार्टवेल गावात ऑरेस्ट हलिकनं धान्याच्या कोठारात बत्तीस वर्षं काम केलं आणि गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या संघाला एकोणीस वर्षं शिकवलं. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याच्या शिव्या. त्या रोज सकाळी सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर मिळत. गुडघे जाऊन वीस वर्षं झालेले लोक तिथे बसून कुणाला किती वेळ बर्फावर सोडावं, हे छातीठोकपणे सांगत.

त्या जानेवारीत टेबलावर एकच नाव होतं, वेंडेल फ्रीसन. सत्तावीस वर्षांचा, दिवसा शेतीच्या यंत्रांना वेल्डिंग करणारा, संघाचा सगळ्यात तिखट नेमबाज. आणि अकरा सामने झाले तरी एक गोल नाही. पक, म्हणजे ती रबरी चकती, गोलच्या खांबाला लागायची नाहीतर गोलरक्षकाच्या पॅडला, एकदा तर पंचाच्या पोटरीला लागली. शेवटी शेवटी तो स्टिक अशी आवळून धरायचा, जणू कुणी हिसकावूनच नेणार आहे.

टेबलाचा निकाल होता, बसव त्याला, भूक लागली की आपोआप खाईल. ऑरेस्टनं ऐकलं. बाराव्या सामन्यात तिसरा डाव अख्खा वेंडेल बाकाच्या टोकाला बसून राहिला. त्याची पाळी आली की दुसराच कुणी उडी मारून जायचा. ऑरेस्ट एक शब्द बोलला नाही. मोठ्या माणसाला काय समजावायचं, अशी त्याची मिजास. सामना हरले ते हरलेच.

हार्टवेलमध्ये खेळाडूंच्या स्टिका हिवाळाभर रिंकवरच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानावरच्या, फळीत उभ्या असतात आणि मार्चमध्येच घरी जातात. आधी कुणी नेली, तर त्यानं खेळ सोडला. तो सांगत नाही, बाकीचे विचारत नाहीत. सोमवारी ऑरेस्ट दिवे लावायला गेला, तर वेंडेलची जागा मोकळी.

घरी त्याची बायको स्टेफा पायरोगीच्या, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांच्या, कडा चिमटीत दाबत होती. त्यानं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

“वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तुला न बोलता सहा सामने बाकावर बसवणाऱ्या म्हाताऱ्या कोचला तू अजून शिव्या घालतोस,” ती म्हणाली. “वेंडेलनं आता कुणाला घालायच्या?”

ऑरेस्ट भडकला. आधी बायकोवर, मग कॉफीच्या टेबलावर, सगळ्यात शेवटी स्वतःवर, कारण तिचं खरं होतं. त्या सहा सामन्यांनंतर त्यानं दहा वर्षं स्केटच्या दोऱ्या बांधल्या नव्हत्या. बाकावर बसवलं की माणूस सुधारतो म्हणे. बाकावर फक्त ढुंगण गार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वेंडेलच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला. वेंडेलनं जोड पुरा केला, तोंडावरचा मुखवटा वर सारला आणि विचारलं, नांगर दुरुस्त करायचाय का.

“नाही. मी शेण खाल्लं, ते सांगायला आलोय.”

“बसवलंत त्याचं काही नाही, कोच. मीही मला बसवलं असतं. पण वीस मिनिटं मी तुमच्या मानेकडे बघत बसलो. एकदा मागे वळून ‘आज नाही’ एवढं म्हणाला असतात, तरी चाललं असतं.”

ऑरेस्टनं टोपी काढली, पुन्हा घातली. मग हिशेब मांडला. समोरच्या संघाचा गडी दोन मिनिटांच्या शिक्षेवर बाहेर गेला की गोल करायला उतरणाऱ्या पाचांत वेंडेल तीन सामने नसेल, कारण तिथे सगळं गाव त्याच्याकडूनच गोल मागतं. पण नेहमीची एकही पाळी चुकणार नाही. चाळीस सेकंद झाले की बाहेर, दम खा, पुन्हा आत. आणि आपला गडी शिक्षेवर गेला की किल्ला लढवायला पहिला तोच.

“तिथे गोलाचं कोणी विचारत नाही. फक्त पकच्या आड पडायचं.”

“म्हणजे मार खायचा.”

“हो.”

वेंडेल हसला नाही, पण मुखवटाही खाली ओढला नाही.

रविवारी दुपारी सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना तो स्टिक घेऊन आला. संघाचा माणूस तीनदा शिक्षेवर गेला, तिन्ही वेळा वेंडेल उतरला. एक पक बरगडीवर घेतला, एक घोट्यावर. त्याच्या बोटांतली स्टिक सैल झाली, पास सरळ जाऊ लागले. सामना तीन-दोननं जिंकला. वेंडेलचा गोल नव्हताच. टेबलवाल्यांनी गॅलरीतून तेवढंच ओरडून ऐकवलं, आणि ऑरेस्टनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून, ‘पुरे आता’ म्हणत हात जोडले.

कपड्यांच्या खोलीत वेंडेल बर्फाची पिशवी बरगडीला धरून बसला होता. ऑरेस्ट दारातून पुढे निघाला, तर मागून हाक आली.

“कोच, गुरुवारी सराव सातला की साडेसातला?”

“सातला,” ऑरेस्ट म्हणाला. बाहेर उणे तीस होतं. गाडीत बसल्यावर हीटर लावायचंही त्याला बराच वेळ सुचलं नाही.