गालानं लाकूड पाहणारा माणूस

आमच्या समोरच्या दारातले पॉलिशवाले भावजी या वयात घसरले, अशी बातमी जिन्यानं वर आली तेव्हा माझा चहा उतू गेला. गाण्याच्या बाईंच्या घरी, भर दुपारी, डोळे मिटून, गालाला गाल लावून बसलेले दिसले म्हणे. मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त खरं-खोटं करायला म्हणून चार घरी विचारून आले.

खरं एवढंच निघालं, की एक गाल भावजींचा होता आणि दुसऱ्या गालाच्या जागी जेवणाचं टेबल होतं. गाण्याच्या बाई तर तेव्हा घरातही नव्हत्या. घासून झालेल्या फळीवर भावजी सावकाश गाल फिरवत होते. आमची तशी निराशाच झाली.

भावजी जुनं लाकूड नवं करतात, असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. जुनं ते जुनंच राहू दे, मी फक्त त्याचं तोंड धुऊन देतो, म्हणतात. जुनं पॉलिश खरवडायचं, पॉलिशपेपरनं घासायचं, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात कापसाच्या बोळ्यानं चढवायचे. अंगाला स्पिरिटचा वास इतका, की नवे भाडेकरू त्यांना पिणारा समजतात, आणि तो समज दूर करायची कुणाला घाई नसते. पण खरी मेख आहे ती घासण्यात. राहिलेला ओरखडा लाखेखाली लपत नाही, उलट उठून दिसतो. डोळ्यांना तो आधी कळत नाही. घासणं कधी थांबवायचं, हे बोटं सांगतात.

(त्यांच्या स्वतःच्या घरच्या कपाटाला मात्र अजून कुसळं आहेत. दिव्याखाली अंधार.)

भावजींची बायको शिवणकाम करते. बातमी तिच्यापर्यंत पोचली, कशी ते विचारू नका. ती तडक गाण्याच्या बाईंकडे निघाली, आणि मी आपली सोबतीला. भावजी टेबल संपवून खुर्च्यांना लागले होते. तिनं त्यांना दोन शब्द सुनावले, आणि सुनावता सुनावता खुर्चीच्या कातीव पायावरून हात फिरवला, कापडावरून फिरवते तसा. मध्येच थांबली. म्हणाली, या खोबणीत खरखर राहिलीय. भावजी म्हणाले, छे, सकाळीच घासलाय. तिनं त्यांचं बोट धरून तिथं टेकवलं.

बोट टेकलेलंच राहिलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

तेव्हा त्या गालाचा अर्थ तिला लागला. मलाही लागला, आणि माझी जीभ, जी सहसा कुणाचं ऐकत नाही, गप्प झाली. जन्मभर लाख, स्पिरिट आणि पॉलिशपेपर. बोटांची कातडी पार टणक, बधिर झाली होती. सपाट फळीला गाल चालून गेला. खुर्चीच्या खोबणीत गाल शिरणार कुठून?

"कुठं बोलू नकोस," भावजी हळूच म्हणाले. "बोटं गेलेल्या माणसाला कोण कामाला बोलावतं?"

ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, हा पाय पुन्हा घासा, थांबायचं कधी ते मी सांगते. भावजी ऐकेनात. बायकोला बरोबर घेऊन हिंडतो म्हणून लोक हसतील म्हणाले.

"लोक सध्या काय म्हणतायत ते ऐकलंत का?" ती म्हणाली. "त्यापेक्षा हसलेले बरे."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग ते घासत राहिले आणि ती डोळे मिटून बोट फिरवत राहिली. अजून, अजून, आणि मग बस. तरी भावजींनी हट्टानं आणखी एकदा घासलंच, तर तिनं हातावर चापट दिली. लाखेचा पहिला हात चढला. उजेडात पाय वळवून वळवून भावजींनी पाहिला. एक रेघ नव्हती. सवयीनं त्यांचं बोट खोबणीकडे गेलं आणि अर्ध्यातून परत आलं.

गाण्याच्या बाई घरी आल्यावर तिनं स्वतःच त्यांना सगळं सांगून टाकलं, मी सांगायच्या आत. बाईंनी खुर्चीचे पाय चाचपले आणि आतल्या खोलीतलं कपाटही दोघांना दाखवलं.

आता ही जोडी बरोबरच बाहेर पडते. त्यांच्या पिशवीत डबे आणि बोळे, तिच्या पिशवीत टाके घालायचं काम, लाखेचा हात वाळेपर्यंत करायला. स्पिरिटच्या डब्याला मात्र ते तिला शिवू देत नाहीत. स्वतःची बोटं कधी जपली नाहीत, तिची जपतात.

परवा जिन्यात गाठलंच मी त्यांना. म्हटलं, काय भावजी, आता कामावरसुद्धा बायको बस म्हणेल तेव्हाच थांबायचं का?

पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ते म्हणाले, "वहिनी, लग्न झाल्यापासून ती माझ्या प्रत्येक कामात खोट काढतेय. फरक एवढाच, आता मी ती घासून काढतो."