मालक नसलेल्या जागी चौघी

'विकेंद्रित समाजमाध्यम' हा शब्द मी जळकोटच्या मैत्रिणीसमोर उच्चारला आणि तिथंच हरले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाला काय आजारबिजार झालाय का?"

आम्ही चौघी डी.एड.ला असताना धाराशिवच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढं एक जळकोटला दिली, एक सोलापूरला, एक पार भूम तालुक्यात ईटला. मी नळदुर्गातच राहिले, कॉलेजच्या ऑफिसात, बिनलग्नाची. फोनवरच्या ग्रुपमध्ये मात्र चौघी अजून त्याच खोलीत असल्यासारख्या भांडायचो. मग एके दिवशी ईटची ग्रुपमधून गेली. भांडण नाही, तंटा नाही. तिचं सिम नवऱ्याच्या नावावर होतं, एका घरात दोन नंबर कशाला म्हणून त्यानं ते बंद केलं. माणूस वाईट नाही. मी त्याच्या नंबरवर फोन लावला की "घ्या ताई, बोला" म्हणून लगेच तिच्या हातात देतो. फक्त स्पीकर चालू ठेवतो आणि समोर बसतो. मग ती म्हणते, "बरी हाय. तू बरी हायस का?" मी म्हणते, बरी आहे. वसतिगृहात जिच्या नकलांनी आमचं पोट दुखायचं, ती आता एवढंच बोलायची. फोन ठेवला की माझा जीव नुसता तुटायचा.

तिच्याकडं एक जुना फोन होता, बिनसिमचा, पोरांच्या अभ्यासासाठी ठेवलेला. घरात वायफाय होतं. पण नंबर नसलेलं माणूस कुठल्याच ॲपला चालत नाही. ओटीपी जाणार तो नवऱ्याच्या फोनवर. आमच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या सरांनी या नव्या जागेबद्दल सांगितलं, तेव्हा मी त्यातलं एकच वाक्य ऐकलं. इथं नंबर लागत नाही, ईमेल पुरतो. बाकीचं त्यांनी भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पण ती एकटी येऊन करणार काय? दोन दिवस रिकामी जागा बघून परत जाईल. चौघी हव्या होत्या. म्हणून मी आधी बाकीच्या दोघींच्या हातापाया पडायला लागले.

"त्याचा मालक कोण?" जळकोटचीनं विचारलं.

"मालकच नाही. वेगवेगळी माणसं आपापलं चालवतात, अशी लई गावं हायत म्हण. तू कुठल्याबी गावात राहा, दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलता येतं."

"मालक न्हाय, मंग बंद पडल्यावर भांडायचं कुणासंगं?"

मी चिडून म्हणाले, "गाव पटलं नाही तर बदलता येतं. आपल्याला जोडलेली माणसं मागोमाग येतात."

तिचा निवडणारा हात थांबला. "आन् आपण लिहिलेलं?"

"ते जुन्या गावात राहतं."

"तरी लग्नापरीस बरंच म्हणायचं," ती हसून म्हणाली. मला वाटलं, जमलं. पण पुढं म्हणाली, "बघू की." आमच्याकडं बघू की म्हणजे नाही.

सोलापूरची लगेच आली, पण दाराशी लावलेलं चित्र आवडलं म्हणून भलत्याच गावात शिरली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "अगं, हितं समदे जर्मन बोलायलेत. कुत्र्यांचे फोटो तेवढे छान हायत." शुभ सकाळचा एक गुलाब टाकून ती गेली ती गेलीच.

मी मात्र रोज लिहीत राहिले. कॉलेजातून यायचं, चहा करायचा आणि तिथं जाऊन लिहायचं. आज भाजी काय केली, साहेब कुणावर ओरडले, हायवेवर ट्रक आडवा झाल्यानं दूध उशिरा कसं आलं. खाली कुणाचं एक अक्षर नाही. ईटची येईल तेव्हा तिला वाचायला काहीतरी असावं, असं मी स्वतःला सांगायची. दोघींना दिवसातून तीनतीनदा मेसेज टाकायची. शेवटी जळकोटचीला फोनवर रडून म्हणाले, "तुझ्या पाया पडते, नावापुरती तरी ये. तिचं तिकडं काय व्हायलंय, तुला कळंना का?"

तिनं माझं रडणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू येळेवर जेवत जा गं."

मला इतका राग आला की आठ दिवस तिच्याशी बोलले नाही.

मग सरळ रजा टाकली आणि ईट गाठलं. तुळजापूर, धाराशिव, भूम आणि मग ईट, चार गाड्या बदलून. जायच्या आधी तिच्यासाठी ईमेल उघडायला बसले तर त्यालाही नंबर हवा होता. मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि माझा दिला.

नवरा खव्याच्या भट्टीवर गेला होता, सासू शेजारी. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. परतीची गाडी तीनची. मी पाणीही न पिता बोलत सुटले. टोपणनाव घे, कुणाला कळणार नाही, मनात साचलेलं सगळं बोल, तुला इथं कोंडल्यासारखं होत असेल.

"कोंडून घ्यायला येळ कुठाय?" ती हात पुसत म्हणाली. "सात म्हशी हायत."

मी तिला माझं पान उघडून दाखवलं. ती बोटानं खाली सरकवत गेली. भाजी, साहेब, ट्रक. कितीतरी वेळ सरकवत होती.

"ह्याला कुणीच काय म्हणलं न्हाय?"

"तू आलीस की म्हणतील," मी म्हणाले आणि घाईघाईनं तिच्या फोनवर अर्ज उघडला. नाव झालं, ईमेल झाला, पासवर्ड झाला. शेवटी एक चौकोन आला. तुम्हाला इथं का यायचं आहे? मी निवडलेलं गाव मराठी मंडळी चालवतात, नवं माणूस घ्यायच्या आधी ते कारण विचारतात. "दे, मी लिहिते," म्हणून मी हात पुढं केला. तिनं फोन बाजूला घेतला.

"मला इचारलंय न्हवं?"

ती एका बोटानं टाइप करत होती. अक्षर चुकलं की खोडायची, पुन्हा लिहायची. मी घड्याळ बघत होते. झाल्यावर तिनं फोन माझ्या हातात दिला. लिहिलं होतं, 'माझी मैत्रीण तिथं एकटीच राहते. तिला सोबत पाहिजे.'

मी ते पुन्हा वाचलं. गेले कित्येक दिवस मी सगळ्यांना सांगत फिरत होते की हिचं कसं होणार. आता रडू आवरेना. सासू येईल म्हणून तोंडात ओढणी कोंबली आणि तशीच बसले.

"पाठीव की," ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "गाडी जाईल तुझी."