फळीवरची उडी

माजा नवरा गेला तवा पोर अंगावर पीत व्हती. कर्नाळ्याच्या पायथ्याची आमी, जमिनीचा तुकडा नाय. खारघरला टॉवर उठत व्हते, तिथं स्लॅबच्या कामाला लागले. धा-बारा बाया, डोक्यावर घमेली, आनि एक म्हातारी मुकादमीन. तिला समद्या बाय म्हनायच्या.

तिची एक रीत व्हती. वर चढायची फळी बांधली की पयली ती जायची, भरलेला घमेला डोक्यावर घेऊन. मदोमद थांबायची आनि धपकन उडी मारायची. फळी कुरकुरली तर दोरी परत बांधून घ्यायची. तिनं उडी मारल्याबिगर आमी पाय टाकत नव्हतो.

एक दिवस नवी फळी बांधून झाली तवा ती पलीकडं रेती बघत व्हती. ठेकेदार वरडला, "चला गो, माल सुकतोय!"

मना वाटला, एक खेप तर हाय. चढले. मदी फळी पलटली. घमेला खाली गेला, मी सळईला लटकले. पोर खाली झोळीत झोपलेली. घमेला तिच्यापासून हातभर लांब पडला.

बायनं धावत येऊन मना ओढून घेतला. ठेकेदार म्हनला, "हिला घरी पाठव. मिक्सर थांबनार नाय."

"थांबव."

"मावशी, दुसरी गँग आनीन."

"आन की! पन त्या फळीवर पयला तू चढ."

आमच्या बायांनी एकेक करून घमेली भुईला ठेवली. कोनी सांगितला नव्हता. ठेकेदारानं मिक्सर बंद केला.

मना वाटला, आता बोलनी खायची माजी पाळी. तर बाय म्हनते, "चूक माजी गो. माजी नजर हटली." रीत मोडली मी, आनि चूक हिची! अजून आठवला की अंगावर काटा येतो.

दोरी बांधली. बायनं घमेला घेतला, मदोमद गेली, उडी मारली. त्या वयात! फळी हलली नाय.

वरून म्हनली, "तू आज खाली रेती भर."

पन आज नाय चढले तर कदीच चढायची नाय, ता मना कळत व्हता. घमेला उचलला. मदी पोचले आनि काय झाला कोन जाने, मी बी उडी मारली.

खाली बाया खिदळल्या, "अगो, फळी मोडशील!"

बाय हसली नाय. तिनं नुसता हात पुढं केला.