गुलाबभाऊंचा ओठ

आमच्या धुळ्याच्या बँडचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो! मी ढोलवाला. ढोलाचं कातडं फाटलं तर बदलता येतं हो, पण ट्रम्पेटवाल्या गुलाबभाऊंच्या ओठाचं काय करणार? ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दर मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, त्यांच्या ओठावर फोड उठायचे आणि ट्रम्पेट बंद. त्या वर्षी तर मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या लेकीचं, शोभाचंच लग्न! "तुझ्या पाठवणीला मीच वाजवणार," असं भाऊंनी तिला लहानपणीच कबूल केलेलं.

*

सगळे म्हणाले, उष्णता! झालं, आम्ही भाऊंना सब्जा पाजला, खिशात कांदा ठेवला, डोक्यावर ओला टॉवेल टाकला. वारा लागावा म्हणून सगळ्यात पुढे चालवलं, भर उन्हात! जळगावच्या वरातीत ओठ असा सुजला की भाऊ फुंकायला गेले आणि नुसतं फुर्रर्र! घोडी बिथरली. नवरदेव आम्हाला थेट पुढच्या गल्लीत सापडला.

*

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी म्हटलं, "बाई, ह्यांच्या अंगात उष्णता फार!"

"मग बेकरीतल्या भट्टीवाल्याला का नाही फोड उठत?" बाई म्हणाल्या. "उष्णता नव्हे, ऊन! ह्या फोडांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो. कातडीतले पहारेकरी त्याला बाहेर येऊ देत नाहीत. उन्हातले अतिनील किरण त्या पहारेकऱ्यांनाच ढिले पाडतात."

भाऊ माझ्याकडे वळले. "म्हणजे मला उन्हात पुढे चालवून चोराला दार तूच उघडून दिलंस!"

बाई म्हणाल्या, "आता सावलीत वाजवा."

*

वरातीत कुठली आलीय सावली? आम्ही आळीपाळीने भाऊंवर झालरीची छत्री धरायला लागलो. फैजपूरला नवरीच्या मावशीने ती छत्री पाहिली, भाऊंचा सोनेरी काठाचा डगला पाहिला आणि केलं ना त्यांचंच औक्षण! कपाळाला कुंकू, तोंडात पेढा! मागून कुणीतरी कुजबुजलं, "नवरदेव जरा थोराडच दिसतो." नंतर भाऊंना विचारलं तर म्हणे, "पेढा चांगला होता!"

पण ओठ? शाबूत! त्यानंतर एक फोड नाही. आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू!

*

आणि मग शोभाची पाठवणी. डोक्यावर ऊन, दारात जीप. भाऊंनी ट्रम्पेट उचललं, आणि पाहतो तर छत्री वरपक्षाच्या माणसाने उघड्या जीपमधल्या नवरानवरीवर धरलेली! आमचे सगळ्यांचे हात वाद्यांत. मी ओरडलो, "भाऊ, थांबा जरा!" ते कुठले थांबतात? केली सुरुवात.

शोभा जीपमधून उतरली. त्या माणसाच्या हातातून छत्री ओढून घेतली आणि बापाच्या, तिच्या आबांच्या, डोक्यावर धरून उभी राहिली.

सासू ओरडली, "अवं पोरी, नवरी उन्हमा?"

शोभाने शालूच्या पदराने डोळे पुसले.

"आत्याबाई, माले नुसतं रडनं शे! आबाले वाजाडनं शे!"