दंडावरची गाठ

उदगीरच्या पोराला नाव चालवायची हौस सुचावी, तीही दुष्काळात, याचं अप्पांना म्हणजे माझ्या वडिलांना अजबच वाटायचं. मोंढ्यात तूर-हरभऱ्याची आडत करणारा माणूस. पाणी म्हटलं की त्यांना घागर आठवायची.

मी नांदेडला कॉलेजात होतो. आमचे खेळाचे सर फौजेतून आलेले. त्यांनी कुठूनशी एकट्याने वल्हवायची जुनी नाव मिळवली होती. लांबलचक, कंबरेला जेमतेम पुरेल एवढी रुंद आणि भलती नखरेल; जरा मान वळवली की कलंडायची. गोदावरी तेव्हा आटत चालली होती, घाटाखाली एकच लांब डोह उरला होता. त्यातच लातूर वेगळा जिल्हा झाला आणि सरांची तिकडे बदली निघाली. डोह आटायच्या आणि सर जायच्या आत ती नाव सरळ नेता यावी, एवढंच माझं मागणं होतं.

ती सरळ जात नव्हती. सरकत्या बैठकीवर गुडघे दुमडून पुढे सरकायचं, आधी पायांनी रेटायचं, मग पाठ, शेवटी दोन्ही मुठी बरगड्यांपर्यंत ओढायच्या, हे मला तोंडपाठ होतं. तरी नाव डावीकडे वळून चिखलात शिरायची. एके सकाळी सर काठावरून म्हणाले, "डावा हात अर्ध्यातच थांबून राहिला तुझा. छातीशी काय हाय?"

लिंग होतं. आम्ही लिंगायत, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग जन्मभर गळ्यात असतं, अंगावेगळं करायचं नसतं. मागे झुकलो की डबी झुलायची. तिला वल्ह्याचा धक्का लागेल, दोरा तुटून ती पाण्यात जाईल, या धास्तीने डावी मूठ आपोआप आखडायची.

"काढून ठेव काठावर."

"न्हाई काढता येत, सर."

सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

शनिवारी उदगीरला गेलो. अप्पा नाव सोडायला लावतील अशी भीती होती. तरी डबीचं सांगून टाकलं.  सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं, डबी पांढऱ्या कपड्यात गुंडाळून माझ्या दंडावर बांधली आणि गाठ दातांनी ओढून आवळली.

"दंडावर बी चालतंय. अंगावर असल्याशी मतलब." मग म्हणाले, "पडू नको मात्र."

त्या आठवड्यात नाव सरळ गेली. दोन्ही मुठी बरगड्यांना टेकल्या, वल्ही पाण्यातून अलगद सुटली आणि नाव आपली आपण पुढे सरकत राहिली. इतका आनंद मला पुढे फार थोड्या वेळा झाला. काठावर सरांनी नुसती टोपी काढली.

अप्पांना नांदेडला यायला उशीर झाला. तोवर सर लातूरला गेले होते, डोहाच्या जागी भेगाळलेला चिखल होता आणि नाव लिंबाखाली पालथी पडली होती. अप्पांनी तिच्यावर हात फिरवला. "कशी चालवतूस, दाव की."

कोरड्यावर बसायला ती नाव फार नाजूक. मी नदीच्या वाळूत बसलो आणि रिकाम्या मुठींनी वल्हवून दाखवलं. अप्पा धोतर सावरत शेजारी उकिडवे बसले.

"सरळ जात व्हती?"

"हाव अप्पा. सरळ."

 मग माझा दंड हातात घेऊन त्यांनी गाठ चाचपली आणि त्या कोरड्या नदीत ती पुन्हा दातांनी आवळली.