गजराची घाई

माझ्या खांद्याला कधीच काही झालेलं नाही. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

लालबागच्या आमच्या इमारतीच्या भजनी मंडळात मी झांज वाजवायचो. घर कोकणातलं, त्यामुळे झांज हातात कधी आली ते आठवतही नाही. आपल्या माणसांत बसलो की हात आपोआप चालायचा. पण डबलबारीचा सामना लागला, समोर दुसरं मंडळ आणि भोवती गर्दी बसली, की तळवे भिजायचे, मनगट आखडायचं. एका वर्षी भजनाच्या शेवटी, ऐन गजरात माझी झांज पखवाजाला सोडून पुढे गेली. भजन म्हणणाऱ्या बुवांनी नुसतं वळून पाहिलं. त्यानंतर मीच ‘खांदा धरलाय’ म्हणून अंग काढून घेतलं. मंडळात एक माणूस कमी झाला, आणि घोडपदेवची आत्या अजूनही मला खांद्याला चोळायला तेल आणून देते. मी ते घेतो. वर ‘आता जरा उतार आहे’ असंही सांगतो.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवरच्या तालाच्या खेळाचा नाद लावून घेतला. खेळ मुलीचा. गाणं सुरू होतं, स्क्रीनवर गोल उमटतात, प्रत्येक गोलाभोवती एक कडं आवळत येतं. ते कडं गोलाला टेकेल त्याच क्षणी उजव्या हाताने माउसचा बाण गोलावर हवा आणि डाव्या हाताने कीबोर्डचं बटण दाबलेलं हवं. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी बघत असताना एक गाणं न चुकता पुरं व्हावं.

सुरुवातीला बाण गोलाच्या पार पलीकडे उडायचा. मुलगी मागून बघत होती.

“पप्पा, माउस आहे तो. पळून नाही जाणार. सैल धरा.”

तिने माउसचा वेग कमी करून दिला. टेबलावरची बाटली, चार्जर, माझं चष्म्याचं घर, सगळं हटवलं. आता बाण लांब न्यायचा तर नुसत्या मनगटावर भागेना, कोपरापासून हात हलवावा लागे. जवळच्या गोलाला बोटं, लांबच्या उडीला हात. संथ गाणी घेतली. त्यातलाही अडणारा तुकडा तेवढाच पुन्हा पुन्हा. हळूहळू बाण गोलावर जाऊन थांबायला लागला.

तरी शेवट जवळ आला की मी घसरायचोच. खेळात खाली एक बारीक पट्टी असते. बटण वेळेआधी दाबलं तर खूण डावीकडे पडते, उशिरा दाबलं तर उजवीकडे. मुलीने तिच्यावर बोट ठेवलं.

“सगळं डावीकडे. शेवट आला की गाण्याच्या पुढे का पळता? कुणी बोलावलंय तिकडे?”

“शेवटाला लय चढतेच.”

“कुठे चढते? गाणं आहे तेवढंच आहे. तुम्हीच चढताय.”

तेव्हा लक्षात आलं. गजरात लय चढवत न्यायची, हे आमच्या हाडात बसलेलं. बुवांची मान हलते, पखवाज लय उचलतो, त्याच्यावर झांज. इथे उचलणारं कुणी नाही. गाणं आपल्या चालीने चाललेलं, आणि मी एकटाच गजर करत सुटलेला. भीतीची घाई आणि गजराची घाई, हाताला दोन्ही सारख्याच लागतात. त्या वर्षी मला वाटलं होतं, रंग चढलाय. चढली होती ती भीती.

मग शेवटचं कडवं आलं की श्वास सोडायचा, खांदे खाली टाकायचे आणि कडं टेकेपर्यंत बोट आवरायचं, असं ठरवून बसू लागलो. एकटा असताना जमलं. मुलगी मागे आली की मनगट पुन्हा लाकूड.

“मी नसताना जमतं ना? मग आता काय झालं, खांदा का?”

“खांद्याला काही नाही झालेलं,” मी म्हटलं. “लोक बघायला लागले की भीती वाटते. झांज त्यासाठीच सोडली.”

ती म्हणाली, “आणि आत्याआजी तेल आणते ते?”

“तिला मीच सांगेन.”

“सांगा. आणि मी इथून हलत नाही आता. लावा गाणं.”

पहिल्यांदा मधेच चुकलो. पुन्हा लावलं, पुन्हा चुकलो. ती हलली नाही. तळवे पायजम्याला पुसत राहिलो. शेवटी एकदा कडव्यापाशी आलो, हात पुढे धावायला बघत होता, त्याला धरून ठेवला. गोल, कडं, बटण. गाणं संपलं, तरी मी बटणावरचं बोट काढलं नाही.

“पट्टी बघा,” ती म्हणाली. बहुतेक खुणा मधोमध होत्या.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

“पोळी तव्यावर आहे,” ती आतून म्हणाली. “मला काय कळणार आहे त्यातलं?”

“कळायला नको. नुसती मागे उभी राहा.”

“आता दोघी दोघी लागतात का तुम्हाला?” म्हणत ती गॅस बंद करून आली आणि मुलीच्या शेजारी उभी राहिली.  मुलीने विचारलं, सोपं गाणं लावू का. नको म्हटलं, आणि तेच गाणं सुरुवातीपासून लावलं.